दीपोत्सवाच्या रात्री दारातील श्वान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून तीर्थक्षेत्रे, मुनिसंघांचे विहार, पाठशाळा, ग्रंथभांडारे यांविषयी बोलले जावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आजचा विषय मात्र रस्त्यावरचा आहे. दिवाळीच्या दिवसांत गंगाखेडच्या बाजारपेठेतील, गल्लीबोळांतील आणि घराघरांतील कुत्र्यांची जी अवस्था होते ती का होते, आणि ती टाळण्यासाठी श्रावकाला काय करता येईल, एवढाच तो विषय होय. ज्या समाजात मुंगीला साखर आणि पाखरांना दाणे घालण्याची रीत आहे, त्या समाजाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेचे जे चित्र असते ते येथे बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. दुकानाला झेंडूचे तोरण, गादीवर नवी चादर, चौरंगावर चोपड्या, पेढ्यांचा पुडा. आणि पूजा आटोपली की दुकानासमोर रस्त्यावर पसरलेली फटाक्यांची माळ. ज्याची माळ अधिक काळ वाजेल त्याचे दुकान मोठे, असा एक अलिखित हिशेब पेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या माळेपासून चार हातांवर, दुकानाच्या पायरीखाली किंवा उभ्या केलेल्या हातगाडीच्या सावलीत, जे कुत्रे वर्षभर झोपते, त्याचा विचार या हिशेबात कोणत्याच रकान्यात नसतो. वास्तविक रात्री दहानंतर शटर ओढून मालक घरी गेला की पेठ राखण्याचे काम तेच करते. पगार नाही, रजा नाही, दिवाळीचा बोनस नाही. मालक सकाळी आला की शेपूट हलवून हजेरी तेवढी देते. त्या बदल्यात वर्षाच्या सर्वांत मोठ्या सणाला त्याच्या वाट्याला काय येते, याचा हिशेब एकदा तरी मांडून पाहिला पाहिजे.

माणसाच्या कानाला साधारण वीस ते वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याचा कान सुमारे पंचेचाळीस हजार कंपनांपर्यंत पोहोचतो, आणि माणसाला ऐकूही न येणारी बारीक चाहूल त्याला स्पष्ट ऐकू येते. चोराच्या पावलाची जी चाहूल त्याला लागते, ती याच कानामुळे. आता याच कानाजवळ सुतळी बॉम्ब फुटला तर काय होईल, याची कल्पना करावी. शासनाने १९९९ साली फटाक्यांच्या आवाजाची जी मर्यादा घातली, ती स्फोटापासून चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलची आहे. डेसिबल हे माप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. दोन माणसांचे साधे बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. म्हणजे कायद्याच्या मर्यादेत बसणारा फटाकासुद्धा एका मीटरवर बसलेल्या जनावराच्या कानी १३७ डेसिबलच्या घरात जातो. शिवाय पेठेतील रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती. तेथे आवाज विरत नाही, आदळून परत येतो.

मात्र केवळ मोठेपणामुळे आवाज भयंकर ठरतो असे नव्हे. माणसाला ठाऊक असते की आज दिवाळी आहे, वात पेटवली आहे, आता आवाज होणार. कुत्र्याला यातले काहीच ठाऊक नसते. आवाज कोठून येतो, पुन्हा केव्हा येणार, तो संपणार की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यातच आकाशात उजेडाचे लोळ आणि गंधकाचा उग्र वास. माणसापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असलेल्या नाकाला तो वास म्हणजे आगीची वर्दी. अशा वेळी त्याच्या शरीरात जे घडते, ते घराला आग लागलेल्या माणसाच्या शरीरात घडते त्याहून निराळे नाही. काळीज धडधडते, तोंडातून लाळ गळते, पाय लटपटतात, शेपूट पोटाखाली जाते, डोळ्यांचे पांढरे दिसू लागते. काही कुत्री न थांबता धापा टाकतात, काही पलंगाखाली शिरून दोन दोन दिवस अन्नाला तोंड लावीत नाहीत, तर काही दोर तोडून पळत सुटतात आणि परतीची वाट हरवतात. वारंवार जांभई देणे, ओठ चाटणे, कान मागे पाडून बसणे, ही त्याच भयाची आरंभीची चिन्हे होत. पुष्कळांना ती आळसाची वाटतात.

“दोन दिवस घाबरेल, मग ठीक होईल”, असे म्हणण्याची पद्धत आहे. हे म्हणणे फारसे खरे नाही. ध्वनीचे भय अनेक कुत्र्यांत दर वर्षी घटत नाही, वाढत जाते. पहिल्या वर्षी केवळ बॉम्बला दचकणारे कुत्रे पुढे मेघगर्जनेला, लग्नाच्या वरातीतील बँडला, अखेर शटर पडण्याच्या आवाजालाही थरथरू लागते.

येथे धर्माचा विषय ओढून आणण्याची गरज नाही, तो मुळातच येथे आहे. दीपावली हा भगवान महावीरांचा निर्वाणदिन. इ.स.पू. ५२७ मध्ये पावापुरीस अमावास्येच्या पहाटे भगवंतांचे निर्वाण झाले. ज्ञानाचा प्रकाश मावळला, म्हणून नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी अशा अठरा गणराजांनी द्रव्यप्रकाश केला, दीप उजळले, असे कल्पसूत्रात सांगितले आहे. आचार्य जिनसेनांनी शके ७०५ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणातही पावानगरी दिव्यांनी उजळल्याचा आणि तेव्हापासून लोक हा उत्सव करीत आल्याचा उल्लेख आहे. दोन्ही परंपरांत दिवा आहे, पणती आहे; दारूकामाचा धमाका कोठेही नाही. तो असणारही नव्हता, कारण भारतात दारूगोळ्याचा प्रसार त्यानंतर शेकडो वर्षांनी झाला. ज्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू चढवला जातो, त्याच दिवशी मावळतीनंतर त्याच श्रावकाच्या दुकानासमोर माळ लागते, ही विसंगती बोलून दाखवण्याचे धाडस कोणीतरी केव्हातरी करणे प्राप्त होते.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेतील मुले ते घडाघडा म्हणतात. बैल, घोडे, गाडी ओढणारी जनावरे डोळ्यांसमोर ठेवून ते समजावले जातात. परंतु दिवाळीतील कुत्र्याला ते जसेच्या तसे लागू पडतात, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. भेदरलेल्या कुत्र्याला अंगणात साखळीने बांधून ठेवणे हा बंध. साखळीला झटके देत ते गळफास लावून घेऊ शकते. भिंतीवरून उडी मारली तर टांगले जाऊ शकते. भुंकते म्हणून काठी घालणे हा वध. कुटुंब पाच दिवसांसाठी गावी किंवा शिखरजीला गेले आणि मागे दारातील जनावराच्या पाण्याची सोय झाली नाही, तर तो अन्नपाननिरोध. आणि फटाका? गरज नसताना, कोणतेही प्रयोजन नसताना जी हिंसा घडते तिला शास्त्राने अनर्थदंड म्हटले आहे, आणि त्याच्या पाच प्रकारांत हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजे हिंसादान, हा एक प्रकार सांगितला आहे. नातवाच्या हाती सुतळी बॉम्बचा पुडा देणाऱ्या आजोबांनी या शब्दाशी क्षणभर थांबावे.

कुत्र्याविषयी जैन कथावाङ्मयात तुच्छता नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. वादीभसिंहांच्या क्षत्रचूडामणीत जीवंधरकुमाराची कथा आहे. यज्ञातील अन्नाला तोंड लावले म्हणून लोकांनी मरणप्राय मारलेल्या कुत्र्याजवळ कुमार बसतो, त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणतो, आणि ते कुत्रे मरून सुदर्शन नावाचा यक्ष होते. पुढे तोच यक्ष कुमाराच्या संकटकाळी धावून येतो. ज्या कानात मंत्र घालावयाचा, तो हा कान. गंगाखेड ही तर संत जनाबाईंची जन्मभूमी. ज्या नामदेवांच्या घरी जनाबाईंनी आयुष्य वेचले, त्या नामदेवांची कथा लहान मुलालाही ठाऊक असते. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल, म्हणून तुपाची वाटी घेऊन ते त्याच्या मागे धावले. शेजारच्या नेपाळात तर दिवाळीतील एक दिवस कुत्र्यांचाच असतो; त्यांच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड देतात. माळ तेथेही आहे, पण ती फुलांची.

कायद्याचे म्हणाल तर कायदा पुष्कळच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे फटाके वाजवण्यास मनाई केली. याचा अर्थ असा की नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाच्या वेळी, झुंजूमुंजू होण्यापूर्वी जो पहिला बॉम्ब फोडण्याची चढाओढ लागते, ती सहाच्या आधी असेल तर कायद्याबाहेरची आहे. पुढे २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळीच्या दिवशी रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली, कमी प्रदूषणाचे फटाके तेवढेच चालतील असे सांगितले आणि एकात एक गुंफलेल्या लडींवर बंदी घातली. म्हणजे दुकानासमोरची ती प्रतिष्ठेची माळ २०१८ पासून निषिद्ध आहे. तरीही ती वाजते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. हरित फटाके नागपूरच्या नीरी संस्थेच्या पुढाकाराने तयार झाले. त्यांत धूर कमी, हे चांगलेच. पण ते निःशब्द नव्हेत, आणि कुत्र्याच्या कानाला हिरवा-तांबडा हा भेद कळत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. परंतु त्यात पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड ठेवला गेला. पन्नास रुपयांत आज बरे सुती कापड मीटरभरही येत नाही. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शेपटीला फटाका बांधणाऱ्या टोळक्याला पोलिसी खाक्यापेक्षा घरच्या वडीलधाऱ्याने वेळीच कान धरणे अधिक उपयोगी, हे खरे. पण कायदा आहे हे त्या वडीलधाऱ्यालाही ठाऊक असावे.

आता प्रत्यक्ष काय करावे, याकडे वळणे इष्ट.

ज्याच्या घरी कुत्रे पाळलेले आहे त्याने तयारी धनत्रयोदशीला नव्हे, त्याच्या दोन-तीन महिने आधी करावी. फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज भ्रमणध्वनीवर अगदी हळू, कुत्रे दखलही घेणार नाही इतका हळू लावावा आणि त्याच वेळी त्याच्या आवडीचा खाऊ द्यावा. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. कुत्रे कान टवकारून खाणे थांबवू लागले, तर पुन्हा एक पायरी खाली यावे. आवाज आला की काहीतरी चांगले मिळते, हे समीकरण त्याच्या मनात बसले पाहिजे. काम कंटाळवाणे आहे आणि घाई केल्यास उलटे फळ देते, परंतु टिकाऊ उपाय हाच. दिवाळी तोंडावर आली असेल, तर हा मार्ग सोडून द्यावा आणि निवाऱ्याकडे लक्ष द्यावे.

निवाऱ्यासाठी घरातील आतली खोली उत्तम, जिच्या भिंती रस्त्याला लागून नाहीत. जुन्या वाड्यातील माजघर किंवा धान्याची कोठी यासाठी नामी. खिडक्या लावून त्यांवर जाड पडदे सोडावेत. येथे कापडाविषयी थोडे विस्ताराने सांगणे वावगे ठरणार नाही. पातळ नायलॉन किंवा जॉर्जेटचा पडदा उजेडही अडवत नाही आणि आवाजही नाही. जाड विणीचे, वजनदार सुती कापड, सतरंजी, दुपदरी टाकलेले हातमागाचे पांघरूण, यांनी खिडकी झाकली तर फटाक्यांचा लखलखाट थांबतो आणि आवाजाची धार काहीशी बोथट होते. धमाका कापडाने पूर्ण अडत नाही, हे खरे. पण खोलीत घुमणारा प्रतिध्वनी गाद्या, गोधड्या आणि लोड यांनी पुष्कळ कमी होतो. एका कोपऱ्यात जुनी गोधडी घडी घालून ठेवावी, तिच्यावर घरातील माणसाने वापरलेले, न धुतलेले उपरणे किंवा साडी टाकावी. धुतलेल्या कापडाला साबणाचा वास असतो, वापरलेल्याला माणसाचा. आणि त्या रात्री कुत्र्याला हवा असतो तो हाच वास. पलंगाखाली अशी गुहा केली तर अधिकच बरे. पंखा चालू ठेवावा, आकाशवाणी किंवा भजनांची ध्वनिफीत मध्यम आवाजात लावावी. खोलीचे दार बंद करून कोंडून मात्र ठेवू नये. घरच्यांपैकी कोणीतरी तेथे असावे, निदान येत-जात राहावे.

छातीभोवती कापड आवळून गुंडाळल्याने काही कुत्र्यांना धीर येतो, असा अनुभव आहे. परदेशात त्यासाठी तयार बंड्या मिळतात, महागही असतात. घरच्या घरी हे करावयाचे तर बनियनचे जे ताणले जाणारे होजिअरी कापड असते, त्याची वीतभर रुंदीची लांब पट्टी उत्तम. मांजरपाट वापरावयाचा असेल, तर त्याची खळ आधी दोन-तीन धुण्यांत पूर्ण काढावी. खळीचे कापड टोचते आणि करकरते. टेरिकॉट, नायलॉन नकोत. त्यांत उकडते, आणि कार्तिकातील कोरड्या हवेत त्यांच्या घर्षणाने केसांत ठिणगी उठून जनावर दचकते. पट्टीचा मध्य छातीवर ठेवावा, दोन्ही टोके खांद्यांवरून पाठीवर नेऊन तेथे फुली करावी, मग पोटाखाली फुली करून पुन्हा वर आणावीत आणि कण्याच्या एका बाजूला सैलसर गाठ द्यावी. गाठ नेमकी कण्यावर येऊ नये. कापडाखाली दोन बोटे सहज शिरली पाहिजेत, श्वास अडता कामा नये. सणाच्या आधी आठवडाभर रोज थोडा वेळ हे बांधून सवय करावी. सर्वच कुत्र्यांना याचा उपयोग होतो असे नाही. कापड बांधताच जे दगडासारखे गोठून उभे राहते किंवा ते चावून काढू पाहते, त्याचे लगेच सोडावे.

भेदरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर त्याचे भय वाढते, लाड केले तर ते अधिकच भित्रे होते, असा समज सर्वदूर आहे. तो चुकीचा आहे. भय ही खोड नव्हे की कौतुकाने ती वाढावी. ते स्वतःहून जवळ आले तर शांतपणे पाठीवरून हात फिरवावा, हळू आवाजात बोलावे. लपून बसले असेल, तर ओढून बाहेर काढू नये. रागावणे तर सर्वथा वर्ज्य. घरात जागा घाण केली असेल, तर ती मुकाट्याने पुसून घ्यावी. भयाच्या भरात त्याचा ताबा सुटलेला असतो.

फिरायला नेणे, खाऊ घालणे हे सर्व दिवस मावळण्यापूर्वी उरकावे. सायंकाळचे भोजन सूर्यास्ताआधी घेण्याची जी चाल श्रावकांच्या घरी आहे, ती या दिवसांत कुत्र्यालाही लाभदायक, हा एक योगायोगच म्हणावा लागेल. फिरवताना दोर दुहेरी गाठीचा असावा, गळपट्टा मान निसटणार नाही इतपत घट्ट असावा आणि त्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक टिकाऊ शाईने लिहिलेला असावा. कापडाच्या पट्टीवर दोऱ्याने भरतकाम करून क्रमांक घातला तर तो पावसातही जात नाही.

फार घाबरणाऱ्या, वृद्ध किंवा हृदयविकाराच्या कुत्र्यासाठी औषधे आहेत, परंतु ती पशुवैद्याने तपासून, वजन पाहून द्यावयाची. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गंगाखेडहून ते केवळ चाळीसएक किलोमीटरवर. तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या रात्री धावाधाव करण्यापेक्षा आठ-पंधरा दिवस आधी दाखवून आणणे शहाणपणाचे. एसेप्रोमॅझिनसारख्या जुन्या गुंगीच्या औषधाने शरीर ढिले पडते, पाहणाऱ्याला वाटते की कुत्रे शांत झाले. भय मात्र आत तसेच राहते, फक्त पळण्याची शक्ती जाते. म्हणून वैद्यांना याविषयी स्पष्ट विचारावे. घरातील माणसांच्या झोपेच्या किंवा तापाच्या गोळ्या चुकूनही देऊ नयेत.

फराळाविषयी एक सूचना गृहिणींसाठी विशेष महत्त्वाची. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. काही कुत्र्यांना थोडेसेही बाधतात. रव्याच्या लाडवावर टोचलेला बेदाणा, शिऱ्यातला, चिवड्यातला, सर्व त्यात आले. चॉकलेट हेही विषच, आणि आता दिवाळीच्या भेटीत त्याचे डबे येतात. कांदा-लसूण श्रावकांच्या घरी नसतो, पण शेजारून आलेल्या ताटातील चिवड्यात तो असतो आणि तोच “आपल्याला चालत नाही, कुत्र्याला घाला” म्हणून बाहेर जातो. या दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. तळलेले पदार्थ फार झाले, तर स्वादुपिंडास सूज येते. द्यावयाचेच असेल, तर साधी पोळी किंवा दही-भात द्यावा. त्यात दया कमी होत नाही.

घरात बंदोबस्त झाला तरी रस्त्यावरच्या कुत्र्यांचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि पेठेच्या दृष्टीने तोच मोठा आहे. त्यांना पकडून कोठे हलवणे इष्ट नाही. अनोळखी भागात ती अधिक भेदरतात आणि तेथील कुत्र्यांशी भांडतात. त्यांना हवी असते एक आडोशाची जागा आणि पाणी. वाड्याचा बोळ, जिन्याखालची जागा, गोदामाची ओसरी उघडी ठेवली, तेथे रिकामी पोती अंथरली की ती आपणहून येऊन बसतात. पोती आधी झटकून घ्यावीत. कीटकनाशकाची किंवा खताची पोती नकोत. भेदरलेले कुत्रे, एरवी कितीही गरीब असले तरी, चावू शकते. मुलांनी त्याच्या लपण्याच्या जागेत हात घालू नये. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. कुत्रे भाजले असेल तर भाजलेल्या जागी निदान दहा मिनिटे साधे गार पाणी सोडावे, बर्फ किंवा दंतमंजन लावू नये, ओल्या स्वच्छ सुती फडक्याने झाकून पशुवैद्याकडे न्यावे. सकाळी रस्ते झाडताना न फुटलेले फटाके आणि दारूची पूड गोळा करून पाण्यात भिजवावी. भुकेले कुत्रे कागद चाटते आणि त्यातील क्षार पोटात जातात.

सुट्टीत कुटुंब यात्रेला निघते. नवागड, जिंतूरचे नेमगिरी ही जवळची, शिखरजी दूरचे. घराला कुलूप लागते. अशा वेळी शेजाऱ्याला “बघा हं जरा” एवढे सांगून भागत नाही. किती वेळा, काय, कोठे, किती पाणी, दाखवण्याचा पशुवैद्य कोण, हे कागदावर लिहून द्यावे, आणि कुत्र्याने त्या शेजाऱ्याच्या हातून आधी दोन दिवस तरी खाल्लेले असावे. सोबत नेणेच असेल, तर रेल्वेचे नियम आधी स्थानकावर विचारावेत. गार्डच्या डब्यातील पेटीत लांबच्या प्रवासाला भित्रे कुत्रे घालणे म्हणजे त्याला फटाक्यांतून काढून दुसऱ्या गोंगाटात टाकणे होय.

एकट्या-दुकट्याने काय होणार, असे कोणी विचारील. तमिळनाडूतील शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडीचे पक्षी अभयारण्य आहे. त्याला लागून असलेल्या कोल्लुकुडीपट्टी गावच्या लोकांनी, तळ्यावर उतरणारे पक्षी भिऊ नयेत म्हणून, दिवाळीत फटाके न वाजवण्याचे व्रत कित्येक दशके पाळले आहे. ज्या शिवकाशीतून साऱ्या देशाला फटाका जातो, ती याच राज्यात आहे. फटाक्यांच्या आगरात हे घडते, आणि तेही ज्यांना जैन धर्माची शिकवण नाही अशा शेतकऱ्यांकडून. इटलीतील कोलेक्किओ या गावाने २०१५ साली आवाज न करणारेच दारूकाम चालेल असा नियम केला, तोही प्राण्यांसाठीच.

गंगाखेडच्या पेठेला एवढेही करण्याची गरज नाही. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताला दुकानासमोर माळ न लावता पणत्यांची रांग लावावी, आणि हा निर्णय एकेकट्याने नव्हे, ओळीतील दहा-पंधरा दुकानदारांनी धनत्रयोदशीपूर्वी एकत्र बसून घ्यावा. एकाने माळ लावली नाही तर “यंदा धंदा बसला काय?” असे विचारतात, ओळच्या ओळ शांत राहिली, तर असे विचारायला कोणी उरत नाही. माळेला लागणाऱ्या पैशांत त्या ओळीतील सर्व कुत्र्यांना रेबीजची लस टोचून होते आणि वर काही उरते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना वेळीच विनंती केली, तर हे काम पाडव्याच्या सकाळी, बाजार बंद असताना, अर्ध्या दिवसात उरकण्यासारखे आहे. कुत्री धरण्याचे काम त्यांच्या ओळखीच्या माणसांनी, म्हणजे रोज पोळी घालणाऱ्या दुकानातील नोकरांनी आणि चहाच्या टपरीवाल्यांनी करावे. अनोळखी हात लागला की त्या दिवशी कोणतेच कुत्रे जवळ येणार नाही. सोबत मऊ कापडाचे चार-पाच पट्टे तोंडाला बांधण्यासाठी असावेत, आणि टोचून झालेल्या प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत सुती पट्टी घालावी, म्हणजे एकालाच दोनदा सुई टोचली जात नाही. पट्टीचा रंग दर वर्षी बदलावा.